माहिती देणाऱ्याचे नाव व नाते

६ जानेवारी

ती. मावशीस,
बटणाचा कृ. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान धरते. फोन करावा तर तू म्हणणार, फोनवर तू अर्धं विसरतेस आणि मी अर्धं लपवते. तेव्हा हे घे, दोन्ही बाजूंनी भरलेलं पत्र. आणि हो, लहानपणी तुझ्या मांडीवर बसून मी एक बटण गिळलं, म्हणून पस्तिसाव्या वर्षीही मला बटणच म्हणायचं, हा अन्याय आहे हे पुन्हा एकदा नोंदवून ठेवते.

बातमी अशी की माझी बदली झाली. हाडांच्या वॉर्डातून उचलून मला मानसिक आजारांच्या तातडीच्या कक्षात टाकलंय. कुणी गोळ्या गिळलेल्या असतात, कुणी दोन दिवस बोललेलं नसतं, कुणाला जगणंच नको झालेलं असतं. अशा माणसांना घरचे आधी इथे आणतात. माझी वेळ सकाळी आठ ते चार. खोली एवढीशी. एक टेबल, त्यासमोर जमिनीला स्क्रूने बसवलेल्या दोन खुर्च्या, एक आजाऱ्याची आणि एक सोबत्याची. दोघांचे गुडघे एकमेकांना लागतात. माझं काम फॉर्म भरण्याचं. बावीस रकाने. पहिला रकाना, माहिती देणाऱ्याचे नाव व नाते. सतरावा, घरी मारहाण होते का. सतराव्यापुढे नाही, नाही लिहून माझ्या पेनाची शाई संपत आली.

आज एक बाई आली. नाव सांगणार नाही, आमच्याकडे ते चालत नाही. चष्म्याच्या दुकानात काचा घासते, म्हणून आपण तिला चष्मेवाली म्हणू. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आली. पण मला सांगायचंय ते तिच्या नवऱ्याबद्दल. मावशी, काय माणूस आहे! निळी फाईल घेऊन येतो. त्यात तारीखवार नोंदी. आज रडली, आज जेवली नाही, आज जिन्यावरून पडली. मोठे डॉक्टर ती फाईल चाळून म्हणाले की आपल्या लोकांनी यांच्याकडून शिकावं. सगळी उत्तरं त्यानेच दिली, त्यामुळे फॉर्म सहा मिनिटांत उरकला. तिला वय विचारलं तरी तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, इतकी बिचारी गोंधळलेली. घसा बसलेला होता, तो म्हणाला सर्दी आहे. तिच्या बाहीचं मनगटावरचं बटण सुटलं होतं तर त्याने वाकून स्वतः लावलं. मला अगदी भरून आलं. आई अजून माझ्यासाठी स्थळं बघतेच आहे, तिला सांगणार आहे की बघायचा तर असा बघ.

मोठे डॉक्टर म्हणालेत की चौथ्यांदा आली तर तिला दीर्घ मुदतीच्या इमारतीत पाठवावं लागेल. नवऱ्याचा अर्ज तयार आहे. सात वर्षांची मुलगी त्याच्याकडे राहील. वाईट वाटतं, पण निदान मागे सांभाळणारा तरी भला आहे.

तुझ्या मशीनला तेल आणि तुला झोप वेळेवर मिळो. लोभाची शिवण आहे तशी पक्की राहू दे.

तुझं,
बटण


१३ जानेवारी

चि. बटणास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. हातात असती तर कुणाचा तरी कोट गेला असता.

तू हुशार आहेस असा माझा समज होता. तो अजून सोडलेला नाही, पण तू माझी परीक्षा पाहतेयस. मनगटापर्यंत बंद बाही. नाक वाहिल्याचं, शिंकल्याचं काही नाही आणि घसा तेवढा बसलेला. स्वतःचं वय सांगायला दुसऱ्याची परवानगी. हे सगळं तूच मला लिहिलंस, तुझ्याच अक्षरात, आणि खाली लिहिलंस की माणूस भला आहे. तुझे डोळे शाबूत आहेत बाळ, मधे ती निळी फाईल आली एवढंच.

आता माझ्या धंद्याची गोष्ट ऐक. मी बायकांचे कपडे बेतते आणि उसवून नीट करते, अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्या दुकानाचा पहिला नियम कोणता? माप घेताना नवरा पडद्याबाहेर. तो राजा असो, मास्तर असो, फार प्रेमळ असो. बाहेर बाक आहे, बाकावर जुनं मासिक आहे, बस. पडदा ओढला आणि टेप लावला की अंग आपोआप बोलतं. एखादी दंडाला टेप लागताच श्वास धरते. एखादी मान वर करत नाही. मी आकडा लिहून घेते आणि पाठीमागे जाऊन, म्हणजे तिला माझ्या तोंडाकडे बघावं लागू नये, हळूच विचारते की बाही लांब हवीय, की लांब ठेवावी लागते. उत्तर कधी येतं, कधी डोळ्यांतून येतं, कधी येत नाही. पण प्रश्न मी विचारते.

साध्या झग्याचं माप घ्यायचं तर नवरा बाहेर, आणि बाईच्या जिवाचं माप घ्यायचं तर तो गुडघ्याला गुडघा लावून आत? कुठल्या शहाण्याने ते स्क्रू बसवले? तुझा प्रश्न बरोबर आहे, जागा चुकली आहे. मारणाऱ्याला शेजारी बसवून विचारायचं की घरी मारहाण होते का, म्हणजे मांजराला विचारायचं की दूध कुणी सांडलं.

तुमच्याकडे वजनकाटा असेल. तो कुठे आहे ते बघ. वजन करायला दोघं लागत नाहीत.

मला हे कसं कळलं ते विचारू नकोस. चष्मेवाली चौथ्यांदा येईल. त्याआधी तुझी खोली नीट कर.

राग आहे, तेवढाच लोभही आहे, दोन्ही पदरात घे.

तुझी,
मावशी


२७ जानेवारी

ती. मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पहिले दोन दिवस मी फुगून बसले होते. म्हटलं, ही तिथे टाके घालत बसते आणि मला माझं काम शिकवते. तिसऱ्या दिवशी जुने फॉर्म काढून पाहिले. सतराव्यापुढे माझ्या अक्षरात सगळीकडे नाही, आणि पहिल्या रकान्यात बहुतेक सगळीकडे पती. मग फुगा फुटला.

वजनकाटा टेबलाखाली होता, कुणी वापरत नव्हतं. शेजारी चादरी ठेवायची कोठी आहे, कपाटासारखी अरुंद, आत कशीबशी दोन माणसं मावतात. काटा तिथे नेला. दारावर कागद चिकटवला, वजनखोली, एका वेळी एकच आजारी. दारावरच्या रखवालदारबाबांना सांगितलं की सोबत्याला बाहेरच्या बाकावर बसवायचं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. मिशीवरून हात फिरवत एवढंच म्हणाले की हे फार आधी व्हायला हवं होतं. चौदा वर्षं दारात उभा असलेला माणूस, त्याला दिसत होतं आणि आम्हाला दिसत नव्हतं.

पहिल्या दिवशी फजिती झाली. एका शिक्षिकेला कोठीत एकटीला विचारलं, घरी मारहाण होते का. तिने ताठ मानेने नाही म्हटलं. मारहाण वाईट घरांत होते, तिच्या घरी नाही. दुसऱ्या दिवशी मी फॉर्मची भाषा कोठीबाहेर ठेवली. चादरींच्या घड्या घालत, तुझ्यासारखं पाठमोरं राहून विचारलं. घरी कुणाची भीती वाटते का? कुणी ढकलतं का, गळा धरतं का, दार बाहेरून लावतं का? मावशी, तीच शिक्षिका परत आली तेव्हा दहा मिनिटं बोलली. या नऊ-दहा दिवसांत अकरा बायकांना मी कोठीत नेलं. पाच जणी हो म्हणाल्या. त्या सगळ्यांच्या कागदावर याआधी लिहिलेलं काय? चिडचिड, झोप नाही, घाबरटपणा. खरं तर घाबरायला कारण होतं.

ऐकून मी नुसती हळहळत बसले नाही. समाजसेविकाबाईंना बोलावते, निवाऱ्याचा नंबर देते, जायचं की राहायचं ते त्यांच्यावर सोडते. सतराव्या रकान्यात हो लिहिताना पेन जोरात दाबलं जातं, खालच्या पानावर उमटतं.

चष्मेवाली अजून आलेली नाही. रोज दार उघडलं की मी आधी बाही बघते.

आता तुझा नियम मोडते आणि विचारतेच. तुला कसं कळलं? मी आईला विचारलं. ती ताटावरून उठली. म्हणाली, मावशीला तरुणपणी नसांचं दुखणं होतं, या रुग्णालयातही ठेवलं होतं, जुनं उकरू नकोस. मग कपाटातली जुनी पेटी काढून बसली आणि दार लावून घेतलं. मी सहा वर्षांची असताना तू अचानक दुसऱ्या गावी गेलीस, एवढंच मला आठवतं. काका कुठे गेले ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

उत्तर नको असेल तर देऊ नकोस, पण लोभ मात्र मागे घेऊ नकोस.

तुझं,
बटण


२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी चार वेळा लिहून चार वेळा फाडलं. पाचव्यांदा फाडणार नाही.

तू बटणासाठी शिवलेला पिवळा फ्रॉक आठवतो? तुला दवाखान्यात दुसऱ्यांदा ठेवलं त्याच्या आदल्या महिन्यात तू पाठवला होतास. घेर खाली जाड लागत होता. मला वाटलं, पोर वाढत्या अंगाची म्हणून धाकटीने दुमड सोडली असेल. इतका सुंदर फ्रॉक मळेल म्हणून मी तिला तो दोनदाच घातला आणि पेटीत ठेवून दिला. परवा पोरीने तुझ्याबद्दल विचारलं, तेव्हा पेटी उघडली. दुमड चाचपली. आत कापडापेक्षा काहीतरी कडक होतं.

उसवली. आत तुझी चिठ्ठी. ताई, तो माझी पत्रं वाचतो. फोनवर शेजारी उभा असतो. मला घेऊन जा. वेडी म्हणतील, तू म्हणू नकोस.

एकोणतीस वर्षं ती माझ्या कपाटात होती गं. मी तिच्यावर डांबराच्या गोळ्या टाकत होते.

आणि मी काय केलं? तुझा नवरा कागद घेऊन आला. म्हणाला, रक्ताच्या नात्याची एक सही लागते, नाहीतर ती जिवाचं काही बरंवाईट करून घेईल. डॉक्टरांनी मला विचारलं की हिला घरी काही त्रास आहे का. तू समोर बसली होतीस, तो शेजारी. तू माझ्याकडे बघत होतीस. मी म्हटलं, छे, तो फार सांभाळून घेतो. आणि सही केली. नंतर आपल्या आईला म्हटलं, घरोघरी मातीच्या चुली.

माफी मागायला तोंड नाही. तरी मागते. तू मला काहीही लिही, पण लिही.

तुझी,
ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र आलं, त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, मशीनचा पट्टा तुटलाय. पट्टा शाबूत होता.

पहिल्यांदा खरं सांगते. मी फार वाट पाहिली. रोज वाटायचं, आज ताई फ्रॉकची दुमड सोडेल. पोरीच्या उंचीवर माझा हिशेब होता. सहा वर्षांची पोर, चार बोटं तरी वाढेल, आई घेर उसवेल, चिठ्ठी पडेल. माझ्या कामाची मला एवढी घमेंड की फ्रॉक इतका चांगला शिवला की तू तो जपून ठेवलास! वाईट शिवला असता तर सुटले असते. यावर हसावंसं वाटलं तर हस, मी हसले, नंतर रडलेही.

सहीचं मला माहीत होतं. मी समोरच बसले होते ना. तुझ्यावर राग होता आणि खोटं कशाला बोलू, थोडा अजून आहे. मी तो गिळून टाकणार नाही. आपल्या घरात गिळण्याचं फार झालं. चुली मातीच्या असतात हे खरं, पण म्हणून प्रत्येक चुलीत बाई घालत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी मूठ झाकून कुणाला लाख मिळाले ते मला अजून कळलेलं नाही.

पण राग एकीकडे आणि ही गोष्ट एकीकडे. त्याने तुलाही माप न घेता कापलं. प्रश्नच त्याच्यासमोर विचारला, तर तू दुसरं काय बोलणार होतीस? मीही तेव्हा मान खाली घालून नाहीच म्हटलं होतं. हे तुला कुणी सांगितलं नसेल. पहिल्यांदा ठेवलं तेव्हा मला डॉक्टरांनी विचारलं होतं, आणि मी नाही म्हटलं.

मला खरं कुणी विचारलं ते ऐक. तिथे एक आया होती, न्हाऊ घालायची. न्हाणीत दोघीच. केसांत फणी घालताना तिला माझ्या टाळूवरची खोक लागली. ती पुढे आली नाही, मागेच उभी राहिली आणि म्हणाली की ही पडल्याची खूण नव्हे, कुणी केलं? पाण्याचा नळ मोठा सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. मी तिला सगळं सांगितलं. सुटका होताच दुसऱ्या दिवशी मी तिच्या बहिणीच्या गावी आले, अंगावरच्या कपड्यांत. तेच हे गाव. तुला पत्ता दिला, पण कारण दिलं नाही, कारण मला वाटायचं तू चिठ्ठी वाचूनही गप्प आहेस. तू वाचलीच नव्हतीस. दोघी बहिणी आपापल्या जागी बसून एका दुमडीवर रुसलो.

चिठ्ठी फाडू नकोस. फ्रॉक पाठवून दे, मला त्याचे टाके बघायचेत.

माया आहे. ती कमी करायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही.

तुझी,
धाकटी


१५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

आईने मला सगळं सांगितलं. तिने तुझं पत्र मला वाचायला दिलं आणि मी वाचेपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. त्याबद्दल मी भेटीत बोलेन, कागदावर मला ते झेपणार नाही. तुझ्या त्या आयेला मात्र रोज मनात नमस्कार करते.

चष्मेवाली आली. मंगळवारी, दुपारी अडीचला. पुन्हा गोळ्या, पुन्हा तो, पुन्हा निळी फाईल. पोट धुऊन, तब्येत स्थिर झाल्यावर तिला माझ्याकडे आणलं. अर्जावर तारीख घालायची तेवढी बाकी होती. मी म्हटलं, वजन करायचंय. तो म्हणाला, मागच्या वेळचं लिहा. मी म्हटलं, मागच्या वेळी केलंच नव्हतं. तो उठला, मीही येतो म्हणाला. रखवालदारबाबा दारात आडवे उभे राहिले. हात जोडून, मान लववून, पण आडवे. त्याने आवाज चढवला. आवाज ऐकून मोठे डॉक्टर आले आणि माझ्यावरच डाफरले की नातेवाइकांशी वाद कसला घालता, येऊ द्या त्यांना आत. मी म्हटलं, कोठीत दोनच माणसं मावतात सर, एक आजारी आणि एक मी, आणि दार लावून आतून कडी घातली.

आत ती काट्यावर उभी राहिली. मी चादरींच्या घड्या घालायला लागले. तुझाच प्रश्न विचारला, बाही लांब हवीय की ठेवावी लागते. मागून आवाज आला की वजन किती आलं. मी म्हटलं, एक्केचाळीस. ती म्हणाली, लग्नाच्या वेळी चोपन्न होतं, आणि तिने बाहीचं बटण स्वतः काढलं.

काय दिसलं ते लिहीत नाही. तुला माहीत आहे.

गळ्याबद्दल विचारलं, तेव्हा म्हणाली की सर्दी तिला वर्षभरात झालेलीच नाही. मी ताबडतोब गळ्याची तपासणी करायला सांगितली, कारण गळा दाबलेला असला की धोका आत राहतो. ती म्हणाली की डोकं ठिकाणावर नाही हे कागदावर आलं की मुलगी त्याची, असं तो तिला रोज ऐकवतो. गोळ्या तिने घेतल्या, ते ती नाकारत नाही. पण मरायचं नव्हतं, इथे यायचं होतं. इथे दिवे लखलखीत असतात आणि तो हात उचलत नाही. चार वेळा ती आमच्याकडे मदत मागायला आली, मावशी, आणि पहिल्या तिन्ही वेळा आम्ही त्यालाच विचारलं.

आणि आता ऐक. तिने मला सांगितलं, फाईल नीट वाचा. जिन्यावरून पडली, हात सुजला. बोलेना, घसा बसला. दारावर आपटली. प्रत्येक तारीख तिला पाठ आहे, कारण त्या तारखेला त्याने मारलं होतं. त्याने तिला वेडी ठरवायला म्हणून स्वतःच्याच गुन्ह्याची रोजनिशी लिहिली, सुवाच्य अक्षरात, खाली सही करून. फाईल आमच्या टेबलावर होतीच, त्यानेच अर्जासोबत जोडली होती. तिच्या संमतीने मी ती आणि हाडांच्या वॉर्डात काढलेले तिचे जुने क्ष-किरण फोटो शेजारी शेजारी ठेवून मोठ्या डॉक्टरांपुढे मांडले. तारखा जुळत होत्या. ते बराच वेळ पानं उलटत बसले. ज्या फाईलचं त्यांनी कौतुक केलं होतं, तीच.

अर्ज थांबलाय. ती सध्या वॉर्डात आहे, त्याला भेटायला बंदी आहे. मुलीला समाजसेविकाबाई पोलिसांना घेऊन आणायला गेल्या आणि घेऊन आल्या.

मला मात्र ज्ञापन मिळालंय. परवानगीशिवाय वजनकाटा हलवला, नातेवाइकाला अटकाव केला, वरिष्ठांसमोर कडी घातली. सव्वीस तारखेला समितीपुढे खुलासा द्यायचा आहे. लेखी माफी मागितली तर प्रकरण मिटेल आणि काटा जागेवर जाईल, असं कळलंय.

मी काय करणार आहे ते तुला माहीत आहे. तरी आशीर्वादाचा टाका घालून पाठव.

तुझं,
बटण


१८ फेब्रुवारी

चि. बटणास,
अ. उ. आ.

माफी मागितलीस तर तुला पुन्हा एक बटण गिळायला लावीन, मोठं, कोटाचं.

तुझ्या खुलाशात काय लिहायचं ते तू लिही. मी एवढंच सांगते की लांब लिहू नकोस. लांब लिहिलं की माणूस घाबरलाय असं दिसतं.

माझ्या दुकानाच्या वर एक खोली आहे. खिडकी रस्त्याकडे, दाराला आतून कडी. काचा घासणारीचे हात बारीक कामाचे असतात, मला काजं करायला माणूस हवंच आहे. तिला विचार, आग्रह करू नकोस. दया म्हणून नको, गरज म्हणून सांग. तुझ्या समाजसेविकाबाईंना पत्ता दे, पण तो कुठल्याही फॉर्मवर लिहू नकोस.

आणि सव्वीस तारखेला मी येतेय. एकोणतीस वर्षं त्या इमारतीच्या रस्त्याने गेले नाही. आता सरळ फाटकातून आत येणार. रखवालदारबाबांना सांग, सोबत कुणी नाही, एकटीच आहे.

आशीर्वाद दुहेरी टाक्याचा आहे, ओढून बघ.

तुझी,
मावशी


१ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझी लेक तुला थोडक्यात सांगेल, कारण ती स्वतःची फुशारकी मारत नाही. हा दोष तिला तुझ्याकडून आलाय. म्हणून मी सांगते.

समितीत पाच जण होते. मोठे डॉक्टर मधोमध. बटणाने खुलासा वाचला, तीन ओळींचा. काटा मी हलवला. कारण प्रश्न योग्य होता आणि खोली चुकीची होती. तो जागेवर न्यायचा असेल तर मला सोबत न्या. पुढे सतराव्या रकान्याचे आकडे ठेवले, कोठीच्या आधीचे आणि नंतरचे. एक सदस्य म्हणाले की बायका काहीही सांगतात, पुरावा काय. मी बाहेरच्या बाकावर होते, दार उघडं होतं. मी उठून आत गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. म्हटलं, पुरावा पायांनी चालत आलाय.

मी त्यांना सांगितलं की याच इमारतीत मला दोनदा ठेवलं, आणि माझा कागद मला बघायचा आहे, तो माझा हक्क आहे. शिपाई दीड तास शोधत होता. समिती थांबली. थांबेल नाहीतर काय करेल, मी खुर्ची सोडली नाही. कागद आला, पिवळा पडलेला. पहिला रकाना, माहिती देणाऱ्याचे नाव व नाते. तिथे त्याचं नाव, खाली तुझं. सतरावा रकाना तेव्हा सतरावा नव्हता, नववा होता. पुढे लिहिलं होतं, नाही.

मी तो मोठ्याने वाचला. मग विचारलं की इथे मी कुठे आहे. वय माझं, वजन माझं, टाळूवरची खोक माझी, आणि माझं एकही वाक्य नाही. मोठे डॉक्टर टेबलाकडे बघत होते. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि ज्ञापनावर रद्द असं लिहिलं. त्यांचं मी कौतुक करणार नाही, उशीर फार झाला. पण लिहिलं ते सर्वांसमोर लिहिलं. आता सोबत्याची खुर्ची काढायची आणि प्रत्येक बाईला आधी एकटीला विचारायचं, असा नियम होतोय. रखवालदारबाबांनी दुसऱ्याच दिवशी पाना आणून ते स्क्रू स्वतः काढले. एक मला दिलाय, दुकानात टेपच्या डब्यात ठेवलाय.

चष्मेवाली वर राहायला आली आहे. खटला उभा राहील, त्याला वेळ लागेल, त्याने वकील केलाय आणि तो गप्प बसणारा नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे. भीती संपलेली नाही. पण काल तिने एका झग्याची काजं इतकी वाकडी केली की मी ओरडले, आणि तीही माझ्यावर उलटून ओरडली. मला फार बरं वाटलं. पोरगी पिवळ्या फ्रॉकमध्ये हिंडते. घेर मी सोडला, चार बोटं मिळाली, बरोबर बसला.

आता तुझी गोष्ट. तुझ्या सहीवर मी काट मारलेली नाही. जे झालं ते कागदावर राहू दे, पुढच्यांना कळू दे की असंही होतं. पण जुना कागद पुरवणी जोडल्याशिवाय मी परत देणार नव्हते. बटणाने नवा फॉर्म आणला, मला कोठीत नेलं, दार लावलं, काट्यावर उभं केलं. अठ्ठावन्न भरलं, तू काही बोलू नकोस. मग ती चादरींकडे तोंड करून घड्या घालायला लागली आणि मला विचारलं. मी सांगितलं. पाऊण तास लागला. तिच्या हातातली एकच चादर ती पुन्हा पुन्हा घडी करत होती.

नंतर मी तिच्या हातून पेन घेतलं. पहिला रकाना मीच भरला. माहिती देणाऱ्याचे नाव, माझं, पूर्ण, माहेरचं. नाते, स्वतः.

तू पुढच्या आठवड्यात ये. बरोबर कुणाला आणू नकोस, आपण दोघीच बोलू. चिठ्ठीचं उत्तर मला तोंडी हवंय.

वाट बघतेय, या वेळी उघडपणे.

तुझी,
धाकटी